बागेची वेळ आणि कामगाराची पाळी

बागबगीचा हा विषय निघाला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा दोन चित्रे उभी राहतात. एकात पेन्शनर मंडळी पहाटे काठी टेकीत फेऱ्या मारीत असतात. दुसऱ्यात सायंकाळची वेळ, मुले घसरगुंडीवर आणि आईबाप भेळेच्या गाडीपाशी. दोन्ही चित्रे खरी आहेत व त्यांबद्दल आमची तक्रार नाही. परंतु आमचे आयुष्य कारखान्याच्या फाटकावर गेले. तेथून बागेकडे पाहिले म्हणजे पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की ही बाग उघडते किती वाजता? सार्वजनिक बाग सकाळी दोन-तीन तास व सायंकाळी दोन-तीन तास उघडावी आणि भर दुपारी तिला कुलूप असावे, अशी बहुतेक ठिकाणी वहिवाट आहे. रातपाळी करून सकाळी सातला सुटलेला माणूस तेव्हा झोपेच्या शोधात असतो. दुपारी तीनच्या पाळीचा माणूस सायंकाळी यंत्रापाशी उभा असतो. मोकळा वेळ त्याला मिळतो तो दुपारचा, आणि नेमके तेव्हाच बागेचे फाटक बंद.

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. तो क्षुल्लक नाही, हेच येथे मांडावयाचे आहे. गावातील झाडे, मैदाने आणि बागा ही शोभेची बाब नसून प्रकृतीची बाब आहे. तिचा सर्वांत अधिक लाभ गरिबाला होतो. आणि तोच गरीब तिच्यापासून सर्वांत लांब राहतो. आम्ही डॉक्टर नव्हे, वनस्पतिशास्त्रज्ञही नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढले शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. पण वाटाघाटीत समोरच्याचा प्रत्येक आकडा तपासून घ्यावा लागतो. तीच खोड वाचताना आम्हांला उपयोगी पडली. म्हणून जे सांगू ते कोठून आले, आणि कोठवर खरे मानावे, तेही सांगू.

प्रथम उन्हाची गोष्ट. पालघर, बोईसर, तारापूर या आपल्या पट्ट्यात पारा विदर्भासारखा पंचेचाळिसाच्या वर जात नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु माणसाला ऊन बाधते ते केवळ पाऱ्याच्या आकड्याने नव्हे. कष्ट करताना अंगात उष्णता तयार होते. ती बाहेर टाकण्याचा शरीरापाशी मुख्य उपाय म्हणजे घाम. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगाची उष्णता घेऊन जातो. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम निथळतो, पण वाळत नाही. सदरा भिजतो, मीठ जाते, पाणी जाते, आणि अंग मात्र तापलेलेच राहते. त्यात डोक्यावर ऊन असेल आणि सभोवार तापलेला पत्रा, सिमेंटची भिंत व डांबरी रस्ता असेल, तर ही सारी मंडळी आपापली उष्णता माणसाच्या अंगावर फेकीत असतात.

झाड येथे दोन कामे करते. एक म्हणजे ते सावली देते. ऊन माणसापर्यंत आणि रस्त्यापर्यंत पोहोचूच देत नाही. दुसरे, त्याची मुळे जमिनीतले पाणी ओढतात व पाने ते वाफेच्या रूपाने सोडतात. त्या बाष्पीभवनात भोवतालची उष्णता खर्च होते. कोरड्या मुलखात हे दुसरे काम मोठे. आपल्या दमट किनाऱ्यावर ते कमी पडते, पण पहिले काम मात्र पुरेपूर होते. तेव्हा आमच्या भागात झाडाचे मोल मुख्यतः सावलीचे मोल आहे. हिरवळीचा तुकडा डोळ्यांना बरा दिसतो, पण लॉनला सावली नसते. शिवाय ‘गवतावर चालू नये’ ही पाटी तिच्यापाशी असतेच! अर्धा एकर लॉन आणि चार जुने वड यांतून एक निवडावयास सांगितले, तर आम्ही डोळे मिटून वडांकडे जाऊ.

सावली नसली म्हणजे काय होते, हे १६ एप्रिल २०२३ रोजी नव्या मुंबईत खारघर येथे महाराष्ट्राने पाहिले. उघड्या मैदानावर लाखो माणसे दुपारपर्यंत उन्हात बसली होती. उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशी पारा काही विक्रमी नव्हता. गर्दी, दमट हवा व डोक्यावर आच्छादन नाही, एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. अशाच तीन गोष्टी रोज लहान प्रमाणात नाक्यावर, बांधकामावर आणि ट्रकच्या अड्ड्यावर एकत्र येत असतात. तेथे कोणी एकदम चौदा माणसे मरत नाहीत, म्हणून छापून येत नाही.

आता रातपाळीच्या माणसाची झोप. बोईसरच्या भोवतालच्या पाड्यांत कामगारांच्या चाळींची दाटी आहे. खोली दहा बाय दहाची, वर सिमेंटचा नाहीतर लोखंडी पत्रा, आणि तीत चार-पाच माणसे पाळीपाळीने झोपणारी. सकाळी आठला अंथरुणावर पडलेला माणूस अकराला पत्रा तापला की उठून बसतो. तीन तासांच्या झोपेवर तो पुन्हा रात्री उकळत्या भांड्यापाशी किंवा रोलर मशीनपाशी उभा राहतो. अपुऱ्या झोपेने रक्तदाब वाढतो, मधुमेहाला वाट मिळते, हे आता वैद्यकशास्त्रात वादाचे राहिलेले नाही. आणि पेंगणाऱ्या हाताला अपघात होतो, हे सांगावयास शास्त्राची गरज नाही. चाळीच्या पूर्वेला करंजाची वा कडुनिंबाची रांग असेल तर तोच पत्रा उशिरा तापतो. चाळीच्या तोंडाशी पार बांधलेले एखादे झाड असेल, तर निदान बाहेर येऊन पडता तरी येते. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या दवाखान्यातील रांग पाहिली म्हणजे आम्हांला नेहमी वाटते, की या रांगेतील काही माणसे औषधावाचून केवळ झोपेने बरी होतील.

धुळीचेही असेच आहे, पण येथे सावधपणे बोलले पाहिजे. पानांवर धूळ बसते, पावसात ती धुऊन जाते. रस्ता आणि घर यांच्यामध्ये दाट झाडोरा असला तर घरात धूळ कमी येते. इतपत खरे. परंतु झाडे कारखान्याचा धूर ‘शोषून’ घेतात, असे जे भाषणांत सांगितले जाते, ते फार ताणलेले आहे. आम्लाची वाफ किंवा द्रावकाचा वास रात्री दोन वाजता सुटला तर त्याला वड अडवीत नाही. तो अडवावयाचा चिमणीच्या तळाशी, धुरांडे धुणाऱ्या यंत्राने. आणि ते यंत्र चालू ठेवण्याचा खर्च मालकाने करावयाचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची मोजणी केली. तिच्यात तारापूरला १०० पैकी ९३.६९ गुण मिळाले. परीक्षेत इतके गुण मिळाले तर पेढे वाटावेत. पण हे गुण प्रदूषणाचे होते, आणि त्या यादीत तारापूरचा क्रमांक देशात पहिला होता. अशा ठिकाणी फाटकापाशी पन्नास रोपे लावून फोटो काढणे ही फसवणूक आहे. आम्ही झाडे मागतो ती या यंत्राच्या बदली नव्हे. दोन्ही मागण्या वेगळ्या लिहाव्यात, वेगळ्या वसूल कराव्यात.

शरीराचे झाले. मनाचे काय? हा भाग ऐकताना आमचे सहकारी गालातल्या गालात हसतात. झाडाकडे पाहून माणूस बरा होतो, हे त्यांना कीर्तनातले वाटते. म्हणून येथे थोडा विस्तार करतो.

रॉजर उलरिक नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची १९७२ ते १९८१ पर्यंतची कागदपत्रे त्याने काढली. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, स्त्री-पुरुष, प्रकृती वगैरे जुळवून त्याने २३ जोड्या लावल्या. झाडे दिसणारे रोगी सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि झाडे दिसणाऱ्यांना वेदना शमविणारी कडक औषधे कमी लागली. फरक पाऊण दिवसाचा. रोगी अवघे ४६. एवढ्यावरून डोंगर उभारू नये हे मान्य. पण ज्याचे एका दिवसाचे खाडे म्हणजे एका दिवसाची चूल, त्याला पाऊण दिवस लहान वाटत नाही.

दुसरा प्रयोग आम्हांला अधिक पटतो, कारण तो रुग्णालयातला नसून वस्तीतला आहे. फिलाडेल्फिया या शहरात कारखाने बंद पडून गरीब वस्त्यांत जागोजाग ओसाड भूखंड पडलेले होते. त्यांवर कचरा, मोडक्या गाड्या आणि रात्री नको ते धंदे. संशोधकांनी असे ५४१ भूखंड घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटात कचरा काढून जमीन सारखी केली, गवत पेरले, थोडी झाडे लावली, बुटके लाकडी कुंपण घातले आणि नियमाने गवत कापले. दुसऱ्यात फक्त कचरा काढला. तिसरा तसाच ठेवला. आधी व नंतर शेजारच्या रहिवाशांना त्यांच्या मनःस्थितीविषयी विचारले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तसेच ठेवलेल्या भूखंडांच्या शेजाऱ्यांशी ताडून पाहता, हिरवे केलेल्या भूखंडांच्या शेजाऱ्यांत ‘खिन्न वाटते’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी उतरले होते. नुसता कचरा काढून असा फरक पडला नाही. ही लोकांनी स्वतः सांगितलेली उत्तरे आहेत, डॉक्टरची तपासणी नव्हे, हे लक्षात ठेवावे. तरी चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग असल्याने ‘मुळात सुखी लोकच बागेजवळ राहतात’ हा नेहमीचा आक्षेप येथे लागू पडत नाही. आणि केले काय, तर गवत, झाडे आणि कुंपण. कारंजे नाही, पुतळा नाही, लाल-पिवळ्या पेव्हर ब्लॉकची नक्षी नाही, पहिल्या पावसात गंजणारी व्यायामाची यंत्रे नाहीत.

उलट बाजूचाही एक दाखला आहे. अमेरिकेत एका परदेशी किड्याने ‘ॲश’ जातीची कोट्यवधी झाडे मारली. १९९० ते २००७ या काळातील १५ राज्यांचे मृत्यूचे आकडे तपासता, ज्या भागांत हा किडा पोहोचला तेथे हृदयविकाराचे सुमारे १५ हजार आणि श्वसनविकाराचे सुमारे ६ हजार मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. झाडे गेली म्हणूनच माणसे गेली, असे यावरून सिद्ध होत नाही. दोन गोष्टी बरोबर घडल्या, इतकेच दिसते. पण किडा काही गरीब-श्रीमंत पाहून झाड निवडीत नाही, म्हणून या पुराव्याला वजन आहे.

आणि आता आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा दाखला. मिचेल आणि पॉपहॅम या दोघा संशोधकांनी २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडच्या सुमारे चार कोटी कामकरी वयाच्या लोकसंख्येचा अभ्यास मांडला. प्रश्न साधा: गरीब माणूस श्रीमंतापेक्षा लवकर मरतो, हे सर्वत्र आहे, पण हा फरक हिरव्या भागात आणि उजाड भागात सारखाच असतो काय? उत्तर आले, नसतो. जेथे हिरवळ सर्वांत कमी, तेथे सर्वांत गरीब गटाचा मृत्युदर सर्वांत सधन गटापेक्षा ९३ टक्क्यांनी जास्त होता. जेथे हिरवळ सर्वांत अधिक, तेथे तो ४३ टक्क्यांनी जास्त होता. म्हणजे गरिबी होतीच, फरकही राहिलाच, पण तो निम्म्याहून कमी झाला. याचे कारण शोधावयास लांब जावे लागत नाही. सधन माणसाकडे झाडाला पर्याय असतात. घरात थंड हवेचे यंत्र असते, सुट्टीत माथेरान असते, क्लबचे मैदान असते. गरिबाला पर्याय नाही. त्याच्या वाट्याला जे काही यावयाचे ते दाराबाहेरच्या रस्त्यावरच.

ही गोष्ट कामगारांना मात्र फार पूर्वी कळली होती. लंडनच्या पूर्व भागात, जेथे गोदी कामगार, विणकर आणि कातडी कमावणारे दाटीने राहत, तेथे एक उद्यान केले तर वर्षाला हजारो मृत्यू टळतील, असे विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाने १८३९ साली सरकारी अहवालात लिहिले. १८४० साली तीस हजार रहिवाशांनी सह्या करून राणीकडे अर्ज केला, आणि १८४५ साली व्हिक्टोरिया पार्क लोकांसाठी खुला झाला. पुढे तेथेच कामगारांच्या सभा गाजल्या. तीस हजार सह्या! आज आमच्याकडे बोनससाठी तितक्या मिळतील, बागेसाठी तीनशे मिळणे कठीण. याला दोष कामगाराचा नाही. बाग ही मागण्याची वस्तू आहे, असे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

मुंबईच्या गिरणगावात ही संधी आली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ठरविले होते, की विकावयास काढलेल्या गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागेला, एक हिस्सा परवडणाऱ्या घरांना आणि एक हिस्सा मालकाला. २००१ साली या नियमाचा अर्थ बदलण्यात आला. सगळी जमीन न मोजता इमारतींखालची सोडून केवळ रिकामी जमीन मोजावयाची, असे ठरले. गिरणी म्हणजे मुळातच इमारतींनी भरलेली जागा. रिकामे राहते किती? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने निकाल दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवा नियम उचलून धरला. लालबाग-परळला आज काचेचे मनोरे आहेत. एक शब्द बदलला, आणि गिरणगावाच्या नातवंडांचे मैदान गेले. नियमातला शब्द किती जागा खातो, याचा हा धडा आमच्यासारख्या नव्या औद्योगिक गावांनी पाठ करून ठेवावा.

कारण आमच्या भागात ही वेळ अजून हातची गेलेली नाही. वैतरणेचे खोरे मुळात हिरवे आहे. केळवे-माहीमच्या वाड्या व पानमळे, चिंचणीपासून डहाणूपर्यंतची सुरूची बने, घोलवडच्या चिकूच्या बागा ही आपली संपत्ती. नदीचे पाणीही भरपूर; पण ते १९५७ पासून मोडकसागरातून, १९७३ पासून अप्पर वैतरणेतून आणि २०१४ पासून मध्य वैतरणेतून मुंबईला जाते. मुंबईच्या बागांना आपल्या नदीचे पाणी, ही काही मत्सराची गोष्ट नव्हे; तेथेही आपलीच माणसे राहतात. फक्त गंमत अशी, की नदीकाठच्या गावांना बाग नाही.

रविवारी केळव्याच्या किनाऱ्यावर गर्दी होते, मग बागेची काय गरज, असे कोणी विचारतात. विचारणाऱ्याला रविवारची सुट्टी असते. ठेकेदाराकडील कामगाराला ती असेलच असे नाही. आणि असली तरी चौघांच्या कुटुंबाचे जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे हा अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा प्रश्न असतो. प्रकृतीला उपयोगी पडते ते रोजचे झाड, आठवड्याचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने याचे माप दिले आहे: घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीवर, निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी. आपल्या केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. २०११ च्या जनगणनेत पालघर नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे ६९ हजार होती. माणशी दहा चौरस मीटर धरले तरी ६९ हेक्टर झाले, म्हणजे सुमारे १७० एकर. दादरचे शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचे. तशी सहा मैदाने. एवढी जागा पालघरात कोठे आहे, हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या प्रभागात चालून करावा.

बोईसरची अडचण निराळी. जनगणनेच्या कागदावर ते शहर. कारभार मात्र वर्षानुवर्षे ग्रामपंचायतींचा. शहरांतील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण नेमावे लागते, झाडांची गणना करावी लागते, तोडण्यापूर्वी परवानगी व जाहीर सूचना लागते. हा कायदा नागरी क्षेत्रांचा. ग्रामपंचायतीच्या हद्दीत १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा, ज्याच्यात ठरावीक जातींच्या झाडांपुरते बंधन आहे. औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणाच्या आत महामंडळाची सत्ता, कुंपणाबाहेर चाळी उभ्या राहतात तेथे पंचायतीची. ज्या रस्त्याने कामगार चालतो तो नेमका या दोहोंच्या मधला. त्या रस्त्यावरच्या झाडाला बाप नाही! याच बोईसरात अणुशक्ती केंद्राच्या कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. १९६९ साली केंद्र सुरू झाले; वसाहत आखतानाच रस्ते, मैदाने आणि झाडे आखली गेली, म्हणून तेथे आज दाट सावली आहे. त्याच मातीत, त्याच पावसात कुंपणापलीकडे सावली नाही. दोष मातीचा नाही, आखणीचा आहे.

झाडे म्हटली की रोजगार जाईल, ही भीतीही आमच्या लोकांत आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा पडली. १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी प्राधिकरण नेमले गेले. कारखाने न आल्याने तरुणांना गाडी पकडून बोईसरला यावे लागते, ही तक्रार आम्ही डहाणूत अनेकदा ऐकली आहे. तक्रार खरी. पण आम्ही येथे जी सावली मागतो तिने एकही कारखाना बंद पडत नाही. फाटकापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता, चाळीमागची पडीक जागा, तळ्याचा काठ, शाळेचे आवार, एवढ्याच जागा आम्ही मागत आहोत.

तेव्हा मागणीपत्रक कसे लिहावे? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दीडशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात विश्रांतीची व डबा खाण्याची जागा सांगितली होती. ही जागा बहुतेक ठिकाणी म्हणजे पत्र्याखालची कोंदट खोली. तिच्या दाराशी चार झाडे आणि बाके मागावीत. मागणीपत्रकात झाडाचे कलम घातले तर व्यवस्थापनाच्या आधी आपलेच लोक हसतात, हा अनुभव आहे. एका कारखान्यात उपाहारगृहाच्या चहाची किंमत आणि झाडे अशी दोन कलमे शेवटी उरली, तेव्हा चहा आठ आण्यांनी उतरला आणि झाडे पुढल्या करारावर गेली. पुढल्या कराराच्या वेळी चहाची किंमत पुन्हा वाढलेली होती.

पंचायतीकडे आणि नगरपरिषदेकडे मागावयाचे ते असे. बाग दुपारी उघडी असावी. निदान तिचा सावलीचा भाग तरी. तेथे पाण्याचा नळ आणि स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय असावे, कारण ते नसेल तर चाळीतील बाई बागेत दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही, आणि थांबली नाही तर तिची मुलेही थांबत नाहीत. रात्री दिवा असावा. दुसरी पाळी अकराला सुटते. अंधाऱ्या बागेच्या कडेने घरी जावयास कोणी धजत नाही, आणि मग झाडेच नकोत असे म्हणू लागतो. पावसाळ्यापूर्वी वाळक्या फांद्या उतरवाव्यात. आणि रोपाच्या पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरावात नाव घालून लिहावे. जुलैमध्ये लावलेली रोपे मार्चमध्ये मरतात; फोटो मात्र जुलैमध्येच निघालेले असतात.

जातीही आपल्या मातीतल्या निवडाव्यात. रस्त्याच्या कडेला करंज, बकुळ, ताम्हण; खारे वारे येतात तेथे उंडी आणि भेंड; मैदानाच्या कडेला जांभूळ, चिंच; आणि जेथे फांद्यांना व मुळांना जागा आहे तेथेच वड-पिंपळ. अरुंद, उंच भिंतींच्या गल्लीत मात्र दाट छत्रीची झाडे लावू नयेत. तेथे गाड्यांचा धूर खाली कोंडून राहतो. आमच्या आदिवासी बांधवांना कोणते झाड कोठे जगते हे पुस्तकाशिवाय माहीत असते. त्यांना विचारावे, आणि विचारल्याचे पैसेही द्यावेत.

व्याख्यानमालेचे हे दिवस वैशाखाचे आहेत. पावसाळ्यात लावावयाच्या रोपांचे खड्डे याच महिन्यात खणून उन्हात तापू द्यावयाचे असतात, म्हणजे मातीतली कीड मरते. खड्डा निदान दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तितकाच खोल. मुरूम लागला तर तो काढून बाहेरची माती व शेणखत घालावे. बोईसर स्टेशनकडून औद्योगिक क्षेत्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने, विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ चुकवून, असे किती खड्डे बसतात हे आमची तरुण मंडळी पुढल्या रविवारी टेप घेऊन मोजणार आहेत. ज्यांची पाळी नसेल त्यांनी सकाळी सातला यावे. नऊनंतर तेथे ऊन उभे राहू देत नाही.